दत्तक मूल आणि श्रवणदोष

दत्तक घेतलेलें मूल घरांत आलें म्हणजे घरचीं माणसें प्रथम त्याच्याशीं बोलूं लागतात. मूल हंसलें, कीं सर्वांना धन्यता वाटते. पण तें हांकेला हंसलें कीं चेहऱ्याला, हें कोणी पारखीत नाहीं. पाठीमागून मारलेल्या हांकेला तें वळलें नाहीं, तर "अजून रुळलें नाहीं" असें म्हणण्यांत महिने जातात. दत्तक मुलाच्या बाबतींत हा भ्रम अधिक टिकतो. त्याच्या जन्मवेळेची व घराण्याची माहिती पुष्कळदां उपलब्ध नसते. आणि संस्थेंतील मुलाशीं बोलावयास माणसें थोडीं, म्हणून उशिरा बोलण्याचें खापर सहज तिकडे फोडलें जातें.

वास्तविक श्रवणपरीक्षेस मुलाच्या उत्तराची आवश्यकता नसते. निरोगी अंतर्कर्णांतील सूक्ष्म पेशी आवाज पोंचतांच अतिमंद प्रतिध्वनि परत पाठवितात. तो टिपणारी परीक्षा 'ओएई' होय. 'बेरा' या दुसऱ्या परीक्षेंत, निजलेल्या मुलाच्या श्रवणनाडीचा व मेंदूच्या बुडाचा आवाजास मिळणारा प्रतिसाद नोंदला जातो. अंतर्कर्ण शाबूत असून नाडींत दोष असूं शकतो. म्हणून पहिलीवर विसंबून दुसरी टाळूं नये. पहिल्या महिन्यांत चाळणी, तिसऱ्याच्या आंत निदान, सहाव्याच्या आंत उपाय, असा सर्वमान्य दंडक आहे. मूल याहून मोठें होऊन घरीं आलें, तर ही परीक्षा आल्याबरोबर करावी.

इतकी घाई कशासाठीं? कान हें केवळ द्वार. भाषा मेंदूंत घडते, आणि ती घडण्याचा उत्तम काळ पहिल्या कांहीं वर्षांचा असतो. श्रवणयंत्र आवाज वाढवून देतें. त्यानें भागत नसल्यास शस्त्रक्रियेनें बसविलेलें 'कॉक्लिअर इम्प्लांट' श्रवणनाडीस विद्युत्संदेश देतें. मात्र हीं साधनें चष्म्यासारखीं नव्हेत. तीं लावल्यावर आवाजाचा अर्थ लावण्यास मूल शून्यापासून शिकतें, आणि रोजचा अभ्यास घरींच व्हावा लागतो. मुंबईंत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या कामीं मार्गदर्शन करते.

हाताच्या खुणा शिकविल्या तर मूल बोलणार नाहीं, ही भीति निराधार आहे. खूणभाषा ही व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे. भारतीय खूणभाषेच्या कोशांत २०२१ सालीं दहा हजार शब्द झाले. कानानें येवो वा डोळ्यानें, भाषा वेळेवर पोंचली पाहिजे.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणें दत्तक मूल पोटच्या मुलासारखेंच ठरतें. संमति देण्यापूर्वीं त्याचा वैद्यकीय अहवाल आपल्या डॉक्टरास दाखवितां येतो. सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजीं जिल्हाधिकारी देतात.

परंतु आदेशानें न सुटणारी एक गोष्ट उरते. आपण दत्तक आहों, हें मुलाला एके दिवशीं आईबापांकडूनच कळलें पाहिजे. भाकरी बोटानें दाखवितां येते, चंद्र दाखवितां येतो. 'तुला जन्म दुसरीनें दिला, आणि तूं आमचाच आहेस' हें बोटानें दाखवितां येत नाहीं. त्याला भाषाच लागते. ती भाषा मुलानें एकट्यानें शिकून भागत नाहीं. आईबाप, आजीआजोबा, भावंडें, सर्वांनीं त्याच्याबरोबर शिकावी लागते. जेवणाच्या पंगतींत चाललेलें बोलणें ज्या मुलाला कळतें, तेंच त्या घरचें झालें.