संगणक सुरू होत नाही : तो अडतो कुठे?

‘अहो, कॉम्प्युटर सुरूच होत नाहीये,’ ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. त्यावर आमचा उलटा प्रश्न ठरलेला असतो : बटण दाबल्यावर तो कुठपर्यंत जातो? कारण सुरू होण्याच्या चार पायऱ्या आहेत आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा.

पहिली विजेची. दिवा नाही, पंखा नाही. मग दुसरं सॉकेट वापरून बघा, केबल नीट दाबून बसवा, यूपीएस वगळून थेट जोडा. मागे एसएमपीएसचा छोटा स्विच असतो, तोही पाहा. एसएमपीएस मात्र घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात धोकादायक वीज साठलेली असू शकते.

दुसरी : पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी. आधी मॉनिटरची केबल बघा. मग प्लग काढून, पेटीच्या धातूला हात लावून रॅमची पट्टी काढा. तिची सोनेरी कड खोडरबराने हलकेच पुसा आणि खटका वाजेपर्यंत परत बसवा. धूळ आणि पावसाळ्यातली दमट हवा यांनी हा जोड बिघडतो.

तिसरी : कंपनीचं नाव दिसतं, पण पुढे डिस्कच सापडत नाही. पेनड्राइव्ह लावलेला राहिलाय का? तारीख-वेळ चुकलीये का? चुकली असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल बदला. हार्ड डिस्क टकटक करत असेल तर लगेच बंद करा; पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका.

चौथी : विंडोजचं चिन्ह येतं आणि गोल नुसतं फिरत राहतं. लागोपाठ दोन-तीनदा असं अडलं की दुरुस्तीचा पर्याय बहुधा आपोआप उघडतो. त्यात आधी ‘स्टार्टअप रिपेअर’, मग ‘सेफ मोड’. ४८ आकडी बिटलॉकर की मागितली तर मायक्रोसॉफ्टच्या खात्यात शोधा.

इथेच कुणीतरी म्हणतं, ‘फॉरमॅट मारून टाकू.’ थांबा! पहिल्या दोन पायऱ्यांवर अडलेल्या मशीनमधला डेटा बहुतेक वेळा शाबूत असतो. डिस्क दुसऱ्या मशीनला जोडून तो काढता येतो. चौथ्या पायरीवरही लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून फायली उतरवता येतात. बिटलॉकर असेल तर ती की मात्र लागते. म्हणून दुरुस्तीला देताना पहिलं वाक्य हेच : ‘आधी डेटा काढा, मग बाकीचं.’

आपण बसलोय सदाशिव पेठेत. इथलं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून जुने कागद जपतंय. आजचं आपलं घरचं दफ्तर, म्हणजे आजीचे फोटो, मुलीचा प्रबंध, त्या डिस्कवर आहे. मशीन नवं मिळतं, दफ्तर मिळत नाही. तेव्हा आज घरी गेल्यावर, संगणक चालू आहे तोवरच, एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवा.