दोन खांब धावायचं, एक खांब चालायचं

"काय मॅडम, दमलात वाटतं?"

परवा पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चिखल्याच्या किनाऱ्यावर एका काकांनी मला हा प्रश्न विचारला. काका रोज सुरूच्या बनापासून घोलवडच्या दिशेला फिरायला जातात. मी त्यांच्या शेजारून धावत पुढे गेले होते आणि थोड्याच अंतरावर चालायला लागले होते. तेवढ्यात त्यांनी मला गाठलं. आवाजात काळजी होती, पण थोडा आनंदही होता. खोटं कशाला बोला!

"नाही काका, माझी चालायची पाळी आहे," म्हटलं आणि मिनिटभराने पुन्हा धावायला लागले.

हे उत्तर इतक्या सहज माझ्या तोंडून यायला मला दोन वर्षं लागली.

गोष्ट २०२२ च्या दिवाळीतली. लेक पुण्याहून आली ती माझ्यासाठी बूट घेऊनच. भाऊबीज मामाची, बूट मात्र आईला! "आई, शाळेतून आल्यावर नुसती बसून असतेस, धाव थोडी," असा हुकूम. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची. दिवसभर वर्गात उभी, संध्याकाळी ओट्यापुढे उभी, त्यामुळे "बसून असतेस" हे काही मला पटलं नाही. पण बूट महागाचे दिसत होते. वाया कशाला घालवायचे?

धावणं म्हणजे काय, हे माझ्या डोक्यात शाळेतल्या क्रीडादिनापासून पक्कं बसलेलं. शिट्टी वाजली की जीव खाऊन पळायचं, आणि रिबिनीपाशी पोचलं की गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकायच्या. मी तेच केलं. पहिल्या दिवशी घराच्या फाटकापासून निघाले, चिकूच्या वाडीच्या कुंपणापर्यंतही पोचले नसेन, छाती फुटायची वेळ आली. थांबले, इकडे तिकडे पाहिलं, कुणी बघितलं नाही ना! दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "आज कालच्यापेक्षा पुढे जायचंच" हा हट्ट. असे सहा आठवडे काढले आणि एक दिवस बूट कपाटाच्या वर ठेवून दिले.

घरात सांगितलं, "गुडघा दुखतो."

गुडघा दुखत होता, हे खरं. पण बूट कपाटावर गेले ते गुडघ्यामुळे नव्हेत. इथे स्पष्टच लिहिते, कारण हे वाचणाऱ्या बहुतेक जणी माझ्याच वयाच्या असणार. धावताना मला लघवी थेंब थेंब व्हायची. एकदा तर सलवार ओली झाली आणि ओढणी कमरेला गुंडाळून, मागच्या वाटेने, कुणी भेटू नये असं मनात म्हणत घरी आले. दोन बाळंतपणं झालेली बाई. शिंकताना, खोकताना जरा जपूनच असायचं, एवढं माहीत होतं. पण ते कुणाला सांगायचं? नवऱ्याला? लेकीला? मी सरळ गुडघ्यावर ढकललं. बिचाऱ्या गुडघ्याने सगळं झाकलं!

वर्ष असंच गेलं. मग रक्तातली साखर वाढली म्हणून डहाणूला डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी सहज विचारलं, "व्यायाम काय करता?" आणि का कोण जाणे, मी भडाभडा सगळं सांगून टाकलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अहो, माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांना हा त्रास आहे, सांगत एकही नाही." ओटीपोटाच्या तळाशी जे स्नायू मूत्राशय, गर्भाशय पेलून धरतात, ते बाळंतपणात ताणले जातात. पुढे पाळी जायच्या वयात आणखी सैल पडतात. धावताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार खाली आदळतो, आणि दमलेले स्नायू तो पेलत नाहीत. उपाय साधा. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो ते आवळायचे, पाच आकडे मोजेपर्यंत धरायचे, सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. भाजी चिरताना करा, एसटीत बसल्या बसल्या करा, कुणाला कळतही नाही. मात्र फरक पडायला तीन महिने तरी लागतात, आणि नाहीच पडला तर पुन्हा दाखवायला या, असं त्यांनी बजावलं. जाता जाता एक वाक्य बोलल्या: "आणि एवढं जोरात धावायला तुम्हाला सांगितलं कुणी?"

खरंच, कुणी सांगितलं होतं?

मी लेकीला फोन केला. (लघवीचं तिलाही सांगितलं. ती म्हणाली, "आई, एवढंच ना!" मला रडूच आलं.) मग तिने मला जेफ गॅलोवे या अमेरिकन धावपटूबद्दल सांगितलं. हा माणूस १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये दहा हजार मीटर धावलेला, म्हणजे ऐरागैरा नव्हे. १९७४ मध्ये त्याने कधीच न धावलेल्या लोकांचा एक वर्ग घेतला. त्यांना दुखापत न होता धावतं करायचं तर मध्ये मध्ये चालायला लावलं पाहिजे, हे त्याच्या लक्षात आलं. पुढे त्याने तीच पद्धत केली. थोडं धावा, थोडं चाला, पुन्हा धावा. या पद्धतीने लोक बेचाळीस किलोमीटरची मॅरेथॉन पुरी करतात. गंमत अशी की चालायचं दमल्यावर नाही, दमायच्या आधी! पहिल्याच मिनिटापासून. पाय निकामी झाल्यावर चाललो तर ती नुसती माघार. आधीपासून चाललो तर पायाचे तेच तेच स्नायू सतत राबत नाहीत, त्यांना मधून मधून सुट्टी मिळते.

मला पटायला वेळ लागला नाही, कारण आपल्याकडे हे जुनंच आहे. आळंदीहून पंढरपूरला अडीचशे किलोमीटर चालणारी वारी काय करते? ठरलेल्या ठिकाणी विसावा घेते. कुणी पडलं, थकलं म्हणून नव्हे. विसावा आधीच ठरलेला असतो. आणि वेळापूरच्या उतारावर सगळे मिळून धावतात, त्याला धावाच म्हणतात. सत्तरीच्या आजीबाई तुळस डोक्यावर घेऊन धावतात तिथे! त्यांना कुणी विचारत नाही, "काय, दमलात वाटतं?"

तर २०२४ च्या जानेवारीत बूट पुन्हा खाली काढले. माझ्याकडे धावायचं घड्याळ नव्हतं, म्हणून रस्त्यावरचे विजेचे खांब धरले. एक खांब धावायचं, दोन खांब चालायचं. दीड महिन्याने एकास एक. उन्हाळा लागेपर्यंत दोन खांब धावायचं, एक चालायचं. आजही तेच चालू आहे. पुढे न्यायची घाई नाही.

आणि धावायचं किती हळू? लेकीने सांगितलेली कसोटी सोपी आहे. धावताना पुरं वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांत धाप लागली की वेग जास्त. मी एकटी धावते, त्यामुळे बोलणार कुणाशी? मग दुसऱ्या दिवशीचा मराठीचा धडा मनातल्या मनात नव्हे, मोठ्याने घेते. कुत्रीसुद्धा आता सवयीची झाली आहेत. या वेगाला शरीर चरबी जास्त जाळतं, हृदय हळूहळू मजबूत होतं. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात, पण हाडं, सांधे, स्नायूबंध यांना महिने लागतात. नवखी बाई फसते ती इथेच. दम पुरायला लागला की वाटतं, आता पळू जोरात! आणि नेमका तेव्हा गुडघा बोलतो. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात हे आपण ऐकून असतो. माझी आई मोरीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ती उंबऱ्याबाहेर पडली नाही. वजन पेलणारा व्यायाम, म्हणजे चालणं, धावणं, जिने चढणं, हाडांना कामाला लावतो. पोहण्याने तेवढं होत नाही. माझी आई माझ्या वयाची असताना तिला हे कुणी सांगायला हवं होतं.

आता आमच्या किनाऱ्याबद्दल. नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी अशी ही सलग पट्टी. ओहोटीला समुद्र इतका आत जातो की पाणी शोधावं लागतं. पाण्याजवळची ओली, घट्ट वाळू धावायला चांगली. कोरडी, भुसभुशीत वाळू पोटऱ्या मोडते. पण ओहोटी रोज एकाच वेळी कुठे असते? ती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते. मच्छीमार वस्तीतल्या एका मावशींनी मला हिशेब शिकवला. तिथीचा आकडा घ्यायचा आणि पाऊणकीचा पाढा म्हणायचा, की भरतीची वेळ आली. अष्टमीला, आठ पाऊणे सहा, सहाला भरती. म्हणजे पहाटे वाळूच नाही, रस्ता धरायचा. पौर्णिमा-अमावास्येला भरती साडेअकरा-बाराच्या आसपास, म्हणजे पहाटे सहाला मोकळा किनारा. थोडं इकडे तिकडे होतं, पण माझं काम भागतं. पूर्वी कालनिर्णयात मी एकादशी आणि संकष्टी बघायची, आता भरती-ओहोटी बघते!

एक सांभाळायचं. किनारा पाण्याकडे उतरता असतो. एकाच दिशेने धावत राहिलं तर एक पाय कायम खाली पडतो आणि कंबर धरते. म्हणून जितकं जायचं तितकंच त्याच वाटेने परत यायचं. कपड्यांचं म्हणाल तर सलवार-कमीज चालतो, ओढणी घरी. छातीला नीट आधार देणारा आतला कपडा मात्र घ्याच, बूट स्वस्तातले चालतील एक वेळ.

लोक काय म्हणाले? बरंच. जाऊबाई म्हणाल्या, "चालायचंच आहे तर बाजारात चालत जा, दूध तरी येईल." वाडीत चिकू तोडायला येणाऱ्या वारली बायका पहिल्यांदा हसल्या. मग त्यांतल्या एकीने विचारलं, "बाय, कुणी मागे लागलंय का?" आपल्या गावात बाई धावते तेव्हा कुणी तरी मागे लागलेलं असतं, नाही तर गाडी चुकत असते. तिसरं कारण कुणाला ठाऊक नाही.

जगात तरी कुठे ठाऊक होतं? १९२८ च्या ऑलिम्पिकमध्ये बायका आठशे मीटर धावल्या. शेवटी काही जणी दमलेल्या दिसल्या, त्यावरून एवढा गवगवा झाला की ती शर्यतच १९६० पर्यंत बंद! पुरुष शर्यतीनंतर आडवे पडले तर तो पराक्रम. बायकांची मॅरेथॉन ऑलिम्पिकमध्ये आली ती थेट १९८४ मध्ये. आणि आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्यपदक घेऊन आली. साठी ओलांडलेल्या लताबाई करे नवऱ्याच्या उपचारांसाठी बारामतीच्या शर्यतीत नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर सिनेमाही निघाला, २०२० मध्ये. त्यात त्यांनी स्वतःच काम केलं आहे. या दोघींचं मला अपार कौतुक आहे. पण मला पदकही नको आणि माझ्यावर तशी वेळही येऊ नये. मला फक्त सकाळचा तो पाऊण तास हवा.

तरी एकदा शर्यतीला गेलेच. लेकीने नाव घातलं, एका शहरात, दहा किलोमीटर. तिथे खांब मोजायला वेळ नव्हता म्हणून लेकीचं घड्याळ लावलं: दोन मिनिटं धाव, एक मिनिट चाल. सुरुवातीलाच सगळे भराभरा पुढे निघून गेले आणि मी तिसऱ्या मिनिटाला चालायला लागले. कानशिलं तापली हो! बाजूने जाणारी एक मुलगी म्हणाली, "कम ऑन आँटी, थांबू नका!" चौथ्या किलोमीटरला एका स्वयंसेवकाने तर गाडी दाखवली, "बसताय का? मागे जागा आहे." मी मान हलवली. रडू गिळलं आणि घड्याळ वाजल्यावर पुन्हा धावले.

सातव्या किलोमीटरनंतर मजा सुरू झाली. सुसाट गेलेले एकेक दिसायला लागले. कुणी कमरेवर हात, कुणी पोटऱ्या चोळत. मी आपली दोन मिनिटं, एक मिनिट. ती "कम ऑन आँटी"वाली मुलगीही भेटली, पोटात कळ आली होती तिच्या. मी म्हटलं, "चल, माझ्याबरोबर चाल, घड्याळ वाजलं की धावू." दोघी एक तास चौतीस मिनिटांत पोचलो. कपडे कोरडे होते. पदकापेक्षा मला त्याचाच आनंद जास्त, आणि तो तिथे कुणाला सांगणार? लेकीला कानात सांगितला.

साखर आता आटोक्यात आहे, गोळी चालू आहे. वजन म्हणाल तर तीन किलो उतरलं आणि दिवाळीत दीड परत आलं. ज्यांना गुडघ्याचा, हृदयाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच बूट घालावेत. छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथेच थांबावं.

गेल्या आठवड्यात एक गंमत झाली. सप्तमी होती, किनाऱ्यावर पाणी आलेलं, म्हणून मी रस्त्याने निघाले. फाटकापाशी जाऊबाई उभ्या. पाचवारी नीट वर खोचलेली, पायात त्यांच्या मुलाचे जुने बूट, समोर फडका कोंबलेला. हातात दुधाची किटली.

"किटली कशाला?" मी विचारलं.

"कुणी विचारलं तर दुधाला चाललेय म्हणून सांगायला. बरं, मला सांग, आधी चालायचं की आधी धावायचं? आणि तो वाकलेला खांब धरायचा की सोडायचा?"