अपयशाचें भय आणि कुंडींतील रोप

अपयशाच्या भयाविषयीं उपदेश पुष्कळ होतो. त्या भयाचा निकाल कसा लावावा हें मात्र क्वचितच सांगितलें जातें. ‘धीर धरा, उडी घ्या’ असें म्हणणें सोपें आहे. परंतु ज्याच्या पाठीशीं संसार आहे, त्याचें भय निव्वळ भित्रेपणाचें नसतें. हातचें जाईल, घरचीं माणसें उघडीं पडतील, लोक हंसतील, हा त्याचा हिशेब पुष्कळदां बरोबरच असतो. हिशेब बरोबर असूनही पाऊल कसें टाकावें, हा खरा प्रश्न होय. दादासाहेब फाळके यांच्या आयुष्यांतील एका लहानशा गोष्टींत त्याचें उत्तर सांपडतें.

फाळके यांचा जन्म १८७० सालीं त्र्यंबकेश्वर येथें झाला. चित्रकला, छायाचित्रण, छपाई असे अनेक उद्योग त्यांनीं केले; भागीदारांशीं न पटल्यामुळें छापखानाही सोडला. वय चाळिशीचें, पदरीं मुलें, उत्पन्नाची शाश्वति नाहीं, अशा वेळीं मुंबईंत ख्रिस्ताच्या चरित्रावरील एक चित्रपट त्यांच्या पाहण्यांत आला. आपले राम-कृष्ण पडद्यावर असे केव्हां दिसतील, या विचारानें त्यांस घेरलें.

पुढें त्यांनीं जें केलें तें बारकाईनें पाहण्यासारखें आहे. हरिश्चंद्राची कथा त्यांनीं एकदम हातीं घेतली नाहीं. प्रथम त्या विद्येचा अभ्यास केला. त्या अतिश्रमानें कांहीं काळ त्यांची दृष्टिही अधू झाली. मग विम्याच्या पॉलिसीवर पैसे उचलून १९१२ सालीं ते लंडनला गेले, धंदा स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिला, आणि कॅमेऱ्याची तजवीज करून परतले.

तरीही भांडवल देणार कोण? केवळ शब्दांवर कोणी पैसा लावीत नाहीं. तेव्हां फाळके यांनीं कुंडींत वाटाणे पेरले, आणि रोपाची वाढ कॅमेऱ्यानें थोडीथोडी टिपीत गेले. तीं चित्रें पडद्यावर एकामागून एक धांवलीं, तेव्हां कित्येक दिवसांची वाढ पाहणाऱ्यांपुढें घटकाभरांत नव्हे, मिनिट-दोन मिनिटांत झाली. हें ‘अंकुराची वाढ’ नांवाचें चित्र पाहून पैसे लावणारा पुढें आला.

या युक्तीचें मर्म काय? ‘मला चित्रपट काढतां येईल काय?’ हा प्रश्न अवाढव्य आहे. त्याचें उत्तर घरीं बसून मिळत नाहीं, आणि उत्तर मिळेना म्हणजे भय वाढतें. ‘हें रोप पडद्यावर वाढतांना दिसेल काय?’ हा प्रश्न लहान आहे. उत्तर ‘नाहीं’ असें आलें असतें, तरी मूठभर वाटाणे आणि थोडी फिल्म एवढेंच वायां गेलें असतें. शिवाय चूक कोठें झाली हेंही कळलें असतें. सोसवेल एवढें अपयश आधीं पत्करलें, म्हणजे मोठ्या अपयशाची भीति आवांक्यांत येते.

दुसरा आधार घरांतून आला. पत्नी सरस्वतीबाई यांनीं दागिने दिले, चमूचा स्वयंपाक सांभाळला, आणि रात्रीं फिल्मला छिद्रें पाडण्याचें कामही केलें. स्त्रीपात्र मिळेना, तेव्हां उपाहारगृहांतील साळुंके नांवाचा तरुण तारामती झाला. ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन थिएटरांत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

एवढ्यावरून यश कायमचें वश झालें असें समजूं नये. १९३७ सालचें त्यांचें ‘गंगावतरण’ फारसें चाललें नाहीं. १९४४ सालीं नाशिक येथें त्यांचें निधन झालें, तेव्हां वैभव मागें पडलें होतें. कुंडींतील प्रयोग अपयश टाळीत नाहीं. तो आरंभ शक्य करतो. ज्यास नाटक लिहावयाचें आहे त्यानें एक प्रवेश लिहून चार मित्रांस वाचून दाखवावा. ज्यास दुकान थाटावयाचें आहे त्यानें महिनाभर घरून माल विकून पाहावा. मग पुढें जावें कीं थांबावें, हें भय ठरविणार नाहीं. हातीं आलेला अनुभव ठरवील.