वडिलोपार्जित शिसवी मेज : वय, मोल आणि जीर्णोद्धार

घराण्याच्या वाटणींत भांडीं मोजलीं जातात, दागिने तोलले जातात. परंतु दिवाणखान्यांतील जुन्या शिसवी मेजापाशीं येऊन सारेच थबकतात. कोणी त्यास 'पेशवाईंतलें' म्हणतो, कोणी 'अडगळ'. आणि या दोन शब्दांतच बिचाऱ्या वस्तूचा निकाल लागतो. दोन्ही शब्द उच्चारण्यापूर्वी थोडी परीक्षा करावी, असें आम्ही सुचवितों.

प्रथम वय पाहूं. कोरीव शिसवी सामानाचें काम मुंबईस एकोणिसाव्या शतकांत भरभराटीस आलें. घाट विलायती, हात देशी कारागिरांचे. सबब गोल फळी, मध्यें एक खांब व खालीं तीन पाय असा घाट दिसल्यास पेशवाईचें नांव जपूनच घ्यावें. आख्यायिकेपेक्षां मेजाची खालची बाजू अधिक खरें बोलते. हातकरवतीच्या खुणा सरळ असतात, चक्राकार करवतीच्या कमानीसारख्या. घडीव खिळा चौकोनी व निमुळता असतो. तारेचा गोल खिळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर्रास झाला. अणकुचीदार टोकाचे स्क्रू त्या शतकाच्या मध्याच्या सुमारास प्रचारांत आले. त्यापूर्वीचे बोथट असत. तथापि एका नव्या खिळ्यावरून सारें मेज नवें ठरत नाहीं. तो डागडुजीचाहि असूं शकेल. आणखी एक खूण आहे. लांकूड रेषांच्या आडव्या दिशेनें अधिक आकसतें. म्हणून जुनी गोल फळी दोन्ही दिशांनीं मोजली असतां बहुधा नेमकी गोल भरत नाहीं. किडीचे लांबट चर पृष्ठभागावर उघडे पडलेले असतील, तर कीड लागलेलें जुनें लांकूड मागाहून कापून वापरल्याचा संशय घ्यावा.

आतां मोल. आमच्या आप्तांपैकीं दोघां बंधूंमध्यें अशाच एका मेजावरून अबोला धरला गेला होता. धाकट्यांनीं घरीं आलेल्या व्यापाऱ्याचा भाव प्रमाण मानिला. थोरल्यांनीं दुकानांतील तशाच मेजाचा. वस्तुतः दोन्ही भाव खरे होते! दुकानाच्या भावांत भाडें, दुरुस्ती व नफा मिळालेला असतो. ज्यास वस्तु विकत घ्यावयाची नाहीं, अशा जाणकाराकडून किंमत करवून घ्यावी आणि वाटणींतील सर्व वस्तूंस तेंच माप लावावें, असें आम्ही सांगितलें. दोघांनींही तें मानिलें. १९७२ च्या कायद्याचेंहि स्मरण असावें. शंभर वर्षांहून जुनी, कलेच्या वा इतिहासाच्या महत्त्वाची वस्तु पुरावशेषांत मोडते, व कोणाहि खासगी व्यक्तीस ती परदेशीं धाडतां येत नाहीं.

राहिला जीर्णोद्धार. 'उद्धार' म्हणजे वर उचलणें. जुनें पुसून नवें करणें नव्हे. 'मूल्य' हा शब्दहि 'मूल' यापासूनच झाला आहे, हें सुताराच्या हातीं काचकागद देण्यापूर्वी आठवावें. शंभर वर्षांच्या हातांनीं आलेली झळाळी एका दुपारीं घांसून जाते. ती कोणत्याहि किंमतीस परत मिळत नाहीं. आधीं मऊ कोरड्या फडक्यानें धूळ पुसावी. मग एखाद्या झांकलेल्या कोपऱ्यांत स्पिरिटचा थेंब लावून पाहावा. जागा चिकट झाली तर तें लाखेचें पॉलिश होय. त्यावर पुन्हां लाखेचाच पातळ हात पुरतो. सांधे खिळखिळे झाले असल्यास सरसच वापरावा. ऊब व पाणी लागतांच तो सुटतो, म्हणून पुढच्या पिढीच्या सुतारास काम उलगडतां येतें. आधुनिक चिकट द्रव्यांस ही सोय बहुधा नसते. भोकांखालीं ताजी भुकटी सांडूं लागल्यास मात्र कीड जिवंत समजून विलंब न लावतां जाणत्यास बोलवावें.

शेवटीं, मेज ओलीच्या भिंतीपासून व उन्हाच्या तिरिपेपासून दूर ठेवावें. तें कोणाकडून कोणाकडे आलें, त्यावर कोण बसून लिहीत असे, केव्हां काय दुरुस्त केलें, याचें टिपण तारखेसह घरच्या कागदपत्रांत ठेवावें. लांकूड आपलें वय सांगूं शकतें. आपल्या माणसांचीं नांवें सांगणें त्यास साधत नाहीं.