यंत्र आलें, वाचणारा कोठें आहे ?

तालुक्याच्या गांवीं रुग्णालय असावें व त्यांत क्ष-किरणांचें यंत्र असावें, ही मागणी आपल्या शेतकरी वर्गानें फार दिवस केली आणि पुष्कळ ठिकाणीं ती पुरी झाली. कोठें सरकारनें यंत्र दिलें, कोठें सहकारी साखर कारखान्यानें, कोठें एखाद्या दात्यानें वडिलांच्या स्मरणार्थ दिलें. नारळ फुटला, हार पडला, संगमरवरी पाटी बसली. परंतु यंत्रानें काढलेलें चित्र वाचावयाचें कोणीं, हा प्रश्न अशा समारंभांत विचारलेला आम्हीं सहसा ऐकला नाहीं. प्रस्तुत लेखांत त्याचाच विचार करावयाचें योजिलें आहे.

विल्हेल्म रंटगेन या जर्मन शास्त्रज्ञानें १८९५ सालच्या नोव्हेंबरांत वुर्त्सबुर्ग येथें हे किरण प्रथम ओळखले. शरीरांतून जातांना ते हाडांत अधिक अडतात आणि हवेनें भरलेल्या फुफ्फुसांतून सहज पार होतात. म्हणून चित्रांत हाड पांढरें व फुफ्फुस काळें उमटतें. बैलानें लाथ मारून नडगी दुभंगली असेल तर ती कोणासही दिसते. पण फुफ्फुसाच्या वरच्या टोकाचा पुसट डाग चालू क्षयाचा आहे कीं जुन्या, बऱ्या झालेल्या रोगाचा व्रण आहे, मनगटाच्या लहानशा हाडास चीर गेली आहे कीं नाहीं, मेंदूच्या सिटी स्कॅनमधील शेंकडों चित्रांत रक्त कोठें सांचलें आहे, हें सांगावयास डाक्टरी शिकून झाल्यावर आणखी दोन-तीन वर्षें केवळ याच विद्येंत घालविलेला मनुष्य लागतो. असे तज्ज्ञ आपल्या देशांत ढोबळ मानानें लाख वस्तीमागें एक भरतील, आणि तेही बहुतेक शहरांतच. यांत त्यांस दोष देणें व्यर्थ होय. जेथें दिवसाकांठीं दहा-वीस चित्रें निघतात तेथें पूर्ण वेळाच्या तज्ज्ञास ना पुरेसें काम, ना पुरेसें वेतन.

तज्ज्ञ गांवीं येत नसेल तर चित्र त्याच्याकडे धाडावें, या व्यवस्थेस टेलिरेडिऑलॉजी म्हणतात. आपण तीस दूरवाचन म्हणूं. हल्लींचें चित्र फिल्मवर न उमटतां आंकड्यांच्या रूपानें संगणकांत सांठतें, आणि आंकडे तारेनें वाटेल तेथें जातात. छातीचें एक चित्र सुमारें १० मेगाबाइट भरतें. सेकंदास २ मेगाबिट वाहून नेणारी साधी जोडणी असली तरी तें पाऊण मिनिटांत पोंचतें. मेंदूच्या तपासणींत ३०० चित्रें निघालीं तर तीं १५० मेगाबाइटच्या आसपास होतील व त्याच जोडणीवरून दहा मिनिटांत जातील. रुग्णास ॲम्ब्युलन्समध्यें घालून शहर गांठण्यापेक्षां हा वेळ किती थोडा, हें सांगावयास नको.

ही कल्पना आजची नव्हे. क्ष-किरण चित्र टेलिफोनच्या तारेवरून धाडण्याचे प्रयोग अमेरिकेंत १९५० पूर्वींच होऊन गेले. उत्तर नॉर्वेंत, जेथें वस्ती विरळ आणि हिंवाळा कठीण, १९९० नंतरच्या दशकांत ट्रॉम्सो येथील विश्वविद्यालयाच्या रुग्णालयांतून दूरच्या एका लष्करी रुग्णालयाचीं चित्रें वाचलीं जाऊं लागलीं. त्याच प्रदेशांतील एका भागाचा जमाखर्च १९९६ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलांत प्रसिद्ध झाला, आणि त्यांत ही व्यवस्था स्वस्त पडत नाहीं असाच निष्कर्ष निघाला. यंत्रें तेव्हां महाग होतीं व तारही महाग होती. आज दोन्ही पुष्कळ उतरलीं आहेत. तथापि जेथें चित्रें थोडीं तेथें खर्चाचा हिशेब अगोदर मांडलेला बरा, हें त्या लेखावरून घेण्यासारखें आहे.

आपल्याकडे आंध्रांतील आरगोंडा या खेड्यांतील रुग्णालय २००० सालीं उपग्रहाच्या साह्यानें शहरांतील तज्ज्ञांशीं जोडलें गेलें. बंगळूर येथें डॉ. अर्जुन कल्याणपूर व डॉ. सुनीता माहेश्वरी यांनीं २००२ सालीं दूरवाचनाची संस्था काढली. अमेरिकेंत रात्र असतां येथें दिवस असतो, त्यामुळें तिकडील रुग्णालयांचीं रात्रीचीं चित्रें इकडे जाग्या डोळ्यांनीं वाचलीं जाऊं लागलीं. सातासमुद्रांपलीकडील रुग्णाचा फोटो आपला तज्ज्ञ वाचतो आणि चाळीस मैलांवरील तालुक्याचा फोटो वाचल्यावांचून पडून राहतो, हा प्रकार मोठा विलक्षण खरा. मात्र त्याच मंडळींनीं अरुणाचलांतील इटानगर येथील रामकृष्ण मिशनच्या रुग्णालयास हें वाचन विनामूल्य पुरविलें, हेंही येथें नमूद केलें पाहिजे. पुढें २०१५ सालीं राष्ट्रीय आरोग्य अभियानानें मोफत तपासण्यांची जी योजना आंखली तींत दूरवाचनाचा अंतर्भाव केला. म्हणजे आतां ही मागणी करणें हें कांहीं नवल मागणें राहिलेलें नाहीं.

परंतु तार जोडली कीं काम झालें, असें समजूं नये. माती-परीक्षणाचा अनुभव आपल्या वाचकांस आहे. उकिरड्याजवळची किंवा बांधावरची माती पिशवींत भरून धाडली तर प्रयोगशाळा कितीही नामांकित असो, अहवाल कुचकामाचाच येणार. आणि कोणतें पीक घेतलें होतें, पाणी कोणतें दिलें, हें चिठ्ठीवर लिहिलें नसेल तर शिफारसही आंधळीच होणार. येथेंही तसेंच आहे. रुग्णानें श्वास पुरता न घेतां, वांकडें उभें राहून काढलेला छातीचा फोटो बंगळुरास धाडा कीं मुंबईस, त्यांतून नसता रोग दिसेल किंवा असलेला लपेल. म्हणून फोटो काढणारा तंत्रज्ञ शिकलेला व कायमचा असावा. आणि सोबतच्या टिपणांत "छातीचा फोटो" एवढेंच न लिहितां, "वय ५५, तीन आठवडे खोकला, वजन घटलें, विडीचें व्यसन" असें लिहावें. दूरच्या वाचणाऱ्याने रुग्णास पाहिलेलें नसतें. त्याचे डोळे म्हणजे हें टिपणच.

हल्लीं पुष्कळ ठिकाणीं काचेवर लावलेल्या फिल्मचा मोबाईलनें फोटो काढून तो व्हॉट्सॲपवर ओळखीच्या डाक्टरास धाडतात. अडचणींत हा आधार वाईट म्हणवत नाहीं, पण त्यास दूरवाचन म्हणूं नये. मूळ चित्रांत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ४,०९६ पर्यंत छटा असूं शकतात. मोबाईलच्या फोटोंत त्या २५६ वर येतात. मूळ चित्र असेल तर तज्ज्ञ तें संगणकावर उजळ-गडद करून एकदां हाडासाठीं व एकदां मेंदूसाठीं पाहतो. मोबाईलच्या फोटोंत ती सोय उरत नाहीं, आणि बारीक चीर जाते ती येथेंच.

या व्यवस्थेचें खरें मोल वेळ थोडा असतो तेथें कळतें. एकाएकीं अर्धें अंग लुळें पडलें व वाचा गेली, तर मेंदूंतील शीर गुठळीनें तुंबली आहे कीं फुटली आहे हें वरून कळत नाहीं. गुठळी असेल तर ती विरघळविणारें औषध साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें. शीर फुटली असतां तेंच औषध जिवावर उठतें. सिटी स्कॅनखेरीज हा भेद कळत नाहीं. जिल्ह्याच्या ठिकाणीं यंत्र आहे, पण रात्रीं दोन वाजतां वाचणारा नाहीं, अशा वेळीं दूरचा तज्ज्ञ वीस मिनिटांत उत्तर देऊं शकला तर एक कर्ता मनुष्य पुन्हा औताला लागतो. ट्रॅक्टर उलटून डोक्यास मार लागलेल्या गड्याचेंही तसेंच.

क्षयाच्या बाबतींत तर संगणकही मदतीस येऊं लागला आहे. छातीचे फोटो प्रथम चाळण्यास त्याचा उपयोग करण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं पंधरा वर्षांवरील व्यक्तींसाठीं केली. तो केवळ संशयित निवडतो. रोगाचा निश्चय थुंकीच्या तपासणीनेंच व्हावयाचा. सोनोग्राफीस मात्र दूरवाचन फारसें लागू पडत नाहीं, कारण तींत चित्र काढणारा हातच पाहात असतो. शिवाय गर्भलिंग-निदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यानें त्या यंत्रांवर कडक निर्बंध आहेत, व ते असणेंच योग्य होय.

आपल्या वाचकांपैकीं कित्येकजण ग्रामीण रुग्णालयांच्या रुग्ण कल्याण समित्यांवर किंवा कारखान्यांच्या संचालक मंडळांवर आहेत. दूरवाचनाचा करार समोर आल्यास दर पाहून सही करूं नये. अहवालावर वाचणाऱ्याचें नांव व नोंदणी क्रमांक असतो कीं केवळ कंपनीचा शिक्का, हें पाहावें. साध्या फोटोस किती तास व तातडीच्यास किती मिनिटें, हें कागदावर घ्यावें. मेंदूंत रक्त दिसलें तर तज्ज्ञानें अहवाल पाठवून स्वस्थ न बसतां कामावरील डाक्टरास टेलिफोन करावा, असें कलम असावें. आणि तो टेलिफोन रात्रीं उचलणारा कोण, हें आपल्या बाजूनें ठरलेलें असावें. वीज गेल्यास संगणक किती वेळ चालेल, तेंही विचारावें. चित्रांवर रुग्णाचें नांव असतें, तेव्हां तीं कोठें व किती वर्षें सांठविलीं जाणार हें कळलें पाहिजे. आणि वर्षांतून एकदां पन्नास जुनीं चित्रें काढून पहिला अहवाल न दाखवितां दुसऱ्या तज्ज्ञाकडून वाचवून घ्यावीं. दोन्ही अहवाल शेजारीं ठेविले म्हणजे पुढील वर्षीं करार त्याच संस्थेस द्यावयाचा कीं नाहीं, हें समितीस ठरवितां येईल.