चार पटांवरचा एक सामना : महिला बुद्धिबळ ऑलिम्पियाडमधील गुणांचे गणित

बुद्धिबळ हा एकट्याने खेळावयाचा खेळ मानला जातो. ऑलिम्पियाडमध्ये मात्र तसे राहत नाही. सप्टेंबर 2024 मध्ये बुडापेस्ट येथे झालेल्या 45 व्या ऑलिम्पियाडमध्ये भारतीय महिला संघाने प्रथमच सुवर्णपदक पटकावले. ते कसे मिळाले, हे समजण्यासाठी गुणपद्धती जाणून घ्यावी लागते.

संघात पाच खेळाडू असतात, प्रत्येक फेरीत चौघी खेळतात. एका संघाला पहिल्या व तिसऱ्या पटावर पांढरी मोहरी मिळतात, तर दुसऱ्या व चौथ्या पटावर काळी. चार डावांत अडीच किंवा अधिक गुण मिळवणाऱ्या संघाला दोन सामनागुण, बरोबरी झाल्यास दोन्ही संघांना एकेक. क्रमवारी प्रथम सामनागुणांवर ठरते. त्यामुळे 4-0 आणि 2.5-1.5 या विजयांचे मोल सामनागुणांत सारखेच! कर्णधार खेळाडूला बरोबरी स्वीकारण्याचा सल्ला देऊ शकतो, पटावरील स्थितीविषयी मात्र अवाक्षर काढू शकत नाही.

पहिले सातही सामने जिंकलेला भारत आठव्या फेरीत पोलंडकडून 1.5-2.5 असा हरला. नवव्या फेरीत अमेरिकेविरुद्ध आर. वैशाली पराभूत झाली. वंतिका अग्रवालने अनुभवी इरिना क्रशवर मात केली नसती, तर हा सामनाही हातचा गेला असता; तो 2-2 असा सुटला आणि एक मोलाचा गुण वाचला. दहाव्या फेरीत चीनविरुद्ध तीन डाव बरोबरीत सुटले. नागपूरच्या दिव्या देशमुखने नी शिचुनला हरवले, आणि त्या एका विजयावर पूर्ण दोन गुण पदरी पडले.

अखेरच्या फेरीपूर्वी भारत व कझाकस्तान प्रत्येकी 17 गुणांवर होते. 2022 मध्ये मामल्लपुरम येथे आघाडीवर असलेला भारतीय संघ याच टप्प्यावर अमेरिकेकडून 1-3 असा हरून कांस्यपदकावर घसरला होता. या वेळी पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे यांच्या नेतृत्वाखालील संघाने अझरबैजानला 3.5-0.5 असे नमवले. द्रोणवल्ली हरिका, दिव्या व वंतिका विजयी झाल्या. वैशालीचा डाव बरोबरीत सुटला. कझाकस्तानला अमेरिकेने 2-2 असे रोखले. भारताचे 19, कझाकस्तानचे 18 गुण झाले. तिसऱ्या पटावर 11 पैकी 9.5 गुण मिळवणारी दिव्या आणि चौथ्या पटावर 9 पैकी 7.5 गुणांची कमाई करणारी वंतिका यांना वैयक्तिक सुवर्णपदकेही मिळाली.