खिंड पहाटेच का ओलांडायची?

परीक्षा संपल्या की एप्रिल-मेमध्ये आपल्याकडून हिमालयात ट्रेकला जाणाऱ्यांची रीघ लागते. सर पास, रूपिन पास ही नावं आता घरोघरी ठाऊक झाली आहेत. तिथून परतलेल्यांची एक तक्रार हमखास असते. खिंड ओलांडायच्या दिवशी गाईड पहाटे दोन-तीनलाच उठवतो, अंधारात चालायला लावतो आणि फोटोसाठी जरा थांबलं की ओरडतो. सह्याद्रीतही आपण पहाटे निघतो, पण ते ऊन लागू नये म्हणून. तिथल्या घाईचं कारण पायाखालच्या बर्फात असतं.

हिवाळाभर उतारांवर बर्फाचे थर एकावर एक साचत जातात. उन्हं वाढली की वरचा थर वितळतो आणि पाणी कणाकणांतून खाली झिरपू लागतं. पाणी थोडं असेपर्यंत बिघडत नाही; ओलसर वाळूचा किल्ला उभा राहतो तसे कण एकमेकांना धरून राहतात. पाणी वाढलं की तोच किल्ला ढासळतो. झिरपलेलं पाणी खालच्या कडक थरावर किंवा गुळगुळीत कातळावर पसरतं आणि वरचा सगळा भार सुटून निघतो. हे ओलं हिमस्खलन. कोरड्या बर्फाच्या लोटापेक्षा ते संथ असतं, पण त्यातल्या एक घनमीटर बर्फाचं वजन 300 ते 500 किलो भरतं आणि थांबल्यावर ते सिमेंटसारखं आवळून बसतं.

रात्री आकाश निरभ्र असेल तर बर्फातली उष्णता निघून जाते, पृष्ठभाग गोठतो आणि पहाटे त्यावरून खडखडीत चालता येतं. गाईडला हेच तास हवे असतात. रात्र ढगाळ गेली तर मात्र बर्फ नीट गोठतच नाही आणि धोका पहाटेच सुरू होतो. ‘ढग आहेत, ऊन नाही, आज बरं आहे’ असं आपल्याला वाटतं, ते इथे उलटं पडतं.

बहुतेक हिमस्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारावर होतात. घराचा जिना साधारण 30-35 अंशांचा असतो, म्हणजे हा उतार काही कड्यासारखा भयानक दिसत नाही. शिवाय तुम्ही सपाटीवर असलात तरी डोक्यावर असा उतार असू शकतो. ऊन आधी पूर्वेकडच्या, मग दक्षिणेच्या, दुपारी पश्चिमेच्या उतारांवर पोहोचतं. वरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळू लागले, बूट घोट्याच्या वर रुतू लागला, पायाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज आला किंवा तडा गेला, तर त्या उतारावरून निघायची वेळ झाली. दुपारच्या भुसभुशीत बर्फावर घसरगुंडी खेळायची हौस मला समजते, पण ती याच वेळी येते.

ताज्या बर्फाला मात्र पहाट-दुपार काही नसतं. 28 फेब्रुवारी 2025 रोजी बद्रीनाथजवळच्या माणा इथे, सतत बर्फ पडत असताना, सकाळीच रस्ता-कामगारांच्या छावणीवर हिमस्खलन आलं. 54 जण सापडले, त्यांतले 8 जण गेले. 4 एप्रिल 2023 रोजी सिक्कीममध्ये नथुला रस्त्यावर 7 पर्यटकांचा मृत्यू झाला; ते ट्रेकलाही निघालेले नव्हते. मोठा बर्फ पडून गेल्यावर एक-दोन दिवस थांबणं हाच उपाय.

गाडले गेल्यावर वेळ फारच थोडा असतो. स्वित्झर्लंडमधल्या नोंदींनुसार, दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी दहातले नऊ वाचतात. पुढच्या वीस मिनिटांत काढलेल्यांपैकी जेमतेम तीन. खालून मदत यायला काही तास लागतात, म्हणजे वाचवणार ते सोबतीच. त्यासाठी प्रत्येकाच्या अंगावर संदेश देणारं यंत्र, चाचपायला लांब सळई आणि फावडं लागतं. आपल्या नेहमीच्या ट्रेकमध्ये हे क्वचितच असतं. म्हणून संशयित उतार एकेकाने ओलांडायचा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून नजर ठेवायची. पाठपिशवीचे छाती-कमरेचे पट्टे आधीच सोडायचे. मध्ये थांबायचं नाही.

संरक्षण खात्याची चंडीगडची डीजीआरई ही संस्था हिमालयातल्या जिल्ह्यांसाठी हिमस्खलनाचे इशारे देते. तो पाहूनच निघावं, पण इशारा जिल्ह्याचा असतो, तुमच्या समोरच्या उताराचा नव्हे. तिथला निर्णय गाईडचा. अडचण अशी, की ‘एवढे पैसे भरलेत, रजा संपतेय’ हा दबाव त्याच्यावर आपणच आणतो. तेव्हा पैसे भरण्याआधीच आयोजकांना विचारा : खिंडीच्या दिवशी किती वाजता निघणार? किती वाजेपर्यंत माथा गाठला नाही तर परत फिरणार? बर्फ पडला तर हाताशी राखीव दिवस आहे का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं, तर दुसरा आयोजक शोधा.